पंख स्वच्छ असल्यास

साताऱ्याला मी गेले ती सहा महिन्यांसाठी, आणि राहिले जवळजवळ तीन वर्षं. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटचं वर्ष चालू होतं. प्रकल्पासाठी प्रत्येकानं कुठल्या तरी कारखान्यात जाऊन काम करायचं होतं आणि माझा कारखाना आधीच ठरलेला होता, भूपालमामांची शेड. वर्गातल्या बाकीच्या मुली पुण्याला गेल्या. मला कुणी विचारलं नाही, कारण मुळात मी इंजिनिअरिंगला होते तीच मामांमुळे. आमचं गाव कवठे महांकाळच्या पलीकडं. अण्णा, म्हणजे माझे वडील, बारावीनंतर माझं लग्न उरकून मोकळे होणार होते. मामा साताऱ्याहून एसटीनं आले, आमच्या सोप्यात सकाळपासून दुपारपर्यंत बसले आणि अण्णांशी भांडले. "दाजी, हिचं गणित बघा जरा. हिला भाकरी थापायला बशीवलं तर पाप लागंल आपल्याला." पापाचं नाव काढल्यावर अण्णांनी लग्नाचा विषय सोडला. जैनाच्या घरात तो शब्द उगाच कुणी काढत नाही. तेव्हापासून आमच्या घरात मामांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द झाला, आणि माझ्या बाबतीत तर पहिलाही.

मामा हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचे कारागीर. अठराव्या वर्षी भरती झाले आणि चाळिशीपर्यंत त्यांनी दुसऱ्यांची विमानं दुरुस्त केली. पंखाचे रिव्हेट तपासायचे, सही करायची, आणि मग कुणी तरी कोवळा अधिकारी त्यात बसून उडून जायचा. याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी हलकं विमान उडवायला शिकायला सुरुवात केली, त्याचा परवाना मिळवला, आणि औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला एक पत्र्याची शेड घेऊन स्वतःचं विमान बांधायला घेतलं. दोन जणांचं, लहान इंजिनाचं. शेडला लागूनच दोन खोल्या होत्या, त्यात मामा आणि मामी राहायचे. मूलबाळ नव्हतं. मधे फक्त एक पत्र्याची भिंत, त्यामुळं पंख घासल्याचा आवाज आणि रेझिनचा उग्र, डोकं धरणारा वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मामी म्हणायच्या, "माझ्या आमटीला इमानाचा वास येतो." मला तर अजून कुठं रेझिनचा वास आला की मुगाची आमटी आठवते.

मी लहान असताना मामा सुट्टीवर आले की देवापुढच्या उदबत्तीसमोर मला बसवायचे. धूर वीतभर सरळ वर जातो आणि मग एका जागी अचानक मोडून त्याची भेंडोळी होतात. मामा विचारायचे, "सांग राजे, कुठं मोडंल?" मी हवेत बोट धरायची. कधी बरोबर यायचं, बहुतेक वेळा चुकायचं. माझं नाव राजमती. मला राजे म्हणणारे ते एकटेच. पुढं कॉलेजात गेल्यावर कळलं की हा साधा खेळ नव्हता, माणसांनी त्यावर आयुष्यं घालवली आहेत. विमान जातं तेव्हा पंखाला चिकटून हवेचा एक पातळ थर वाहतो. पुढच्या कडेशी तो शांत असतो, पानावर पान ठेवल्यासारखा सरकतो. मग त्यात बारीक थरथर सुरू होते, ती वाढत जाते आणि एका जागी सगळा थर विस्कटतो. पुस्तकात पहिल्याला लॅमिनार म्हणतात, दुसऱ्याला टर्ब्युलंट. आमच्या शेडमध्ये पहिल्याला ‘परेड’ म्हणायचे आणि दुसऱ्याला ‘दंगा’. परेड जितकी लांबेल तितका पंख हवेला कमी अडतो, लहान इंजिनात जास्त लांब जाता येतं. मामांचं सगळं विमान या एका गोष्टीवर उभं होतं. पंखाचा आकारच असा निवडला होता की परेड निम्म्याच्या पुढं जावी. ती नेमकी कुठवर जाते, हे गणितानं सांगणं हा माझा प्रकल्प होता.

मी गेले त्याच्या दुसऱ्या महिन्यात मामींना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं अर्ध्या तोंडावर आलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांचं सगळं मी करू लागले. अण्णांचा फोन आला, "मामीला सोडून हलू नगंस. मामानं लय केलंय तुझ्यासाठी." पहाटे पाणी फडक्यातून गाळून भरायचं, मामींना आंघोळ घालायची, भाकरी करायच्या, एक भाकरी आमटीत कुस्करून मामींना भरवायची. आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवतात, आणि कांदा, लसूण, बटाटा घरात येत नाही. मामींचा नेम इतका कडक की अर्ध्या तोंडानंसुद्धा त्या ‘दिवस... गेला’ म्हणून ताट सरकवायच्या. कारखान्यांचे भोंगे वाजायचे, त्यावर आमचं घड्याळ चालायचं. पहिल्या भोंग्याला मामा रशीदचाचांना घेऊन बाहेर पडायचे, कधी सामान आणायला, कधी धावपट्टीवर. रशीदचाचा म्हणजे पंख घडवणारे कारागीर. तीन पिढ्या लाकूडकाम केलेल्या घरातले, बोटांनी लाकडातला केसाएवढा उंचवटा शोधणारे. शेडमधून एकदा अवजारं चोरीला गेली होती, म्हणून मामा जाताना बाहेरून फाटकाला कुलूप लावायचे. किल्ली एकच, त्यांच्या खिशात. मी एकदा दुसरी किल्ली मागितली तर म्हणाले, "तुला कुठं जायाचंय?" रागानं नव्हे, खरोखरच प्रश्न पडल्यासारखं. खरंच, कुठं जायचं होतं मला? पण त्यानंतर कुलूप लागल्याचा तो खटका मला रोज ऐकू यायचा, आधी कधी आला नव्हता तो.

कुलपाच्या आत मी, मामी आणि एक जुना संगणक. मामी निजल्या की मी गणित मांडायची. थरथर किती पट वाढली म्हणजे थर विस्कटतो, हे नेमकं कुणालाच माहीत नाही. एक आकडा अनुभवानं धरायचा आणि पुढं जायचं. कॉलेजच्या वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे विंड टनेलमध्ये, मी पंखाचा तुकडा तपासला होता, तिथं थर लवकर विस्कटला. मामा म्हणाले, "बोगद्यातला पंखा किती आरडतो बघितलंस का? वर आकाशात हवा गप असती." आणि त्यांचं बरोबर होतं. शांत हवेसाठी वेगळा आकडा धरतात, पुस्तकांत तसंच होतं. तो धरला तेव्हा परेड पंखाच्या रुंदीच्या साठ टक्क्यांपर्यंत आली. मामांनी कागद हातात घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. नंतर म्हणाले, "मला वाटलंच होतं." (आज मी बंगळूरला हेच काम करते. संगणकांना स्वतंत्र इमारत आहे, तरी तो आकडा अजून आम्ही अनुभवानंच धरतो. तरुण सहकाऱ्यांना हे सांगितलं की ते ओशाळतात. मी ओशाळत नाही.)

अहवाल मी लिहिला. शेवटच्या पानावर निष्कर्षात एक वाक्य होतं: ‘पंख स्वच्छ व गुळगुळीत असल्यास.’ मामांनी त्यावर पेन्सिल ठेवली.

"हे कशाला?"

"गणित तेवढ्यापुरतंच खरं हाय मामा. घाण असली तर बदलतं."

"घाण कोण ठेवतंय? मी हवाई दलातला माणूस हाय. हे वाचलं की समोरच्याला वाटंल, ह्यांच्याच मनात शंका हाय." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "काढ ते."

पुण्याच्या एका फ्लाइंग क्लबची माणसं विमान बघायला यायची होती. त्यांना ते आवडलं तर आणखी विमानं बांधायचं काम मिळणार होतं. मी ते वाक्य काढलं. एवढंच तर होतं, चार-पाच शब्द. खाली माझी सही होती. मामांनी त्या अहवालावरून उतरायचा वेग ठरवला, ताशी पासष्ट किलोमीटर, आणि तो क्लबला कळवला.

मग एका सकाळी रशीदचाचांच्या ओरडण्यानं मी शेडमध्ये गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी पंखाच्या पुढच्या कडेला शेवटचा रंग दिला होता, आणि दिव्याला आलेली चिलटं ओल्या रंगात चिकटून बसली होती. चाचा घासकागद घेऊन कपाळाला हात लावून बसले होते. "बघ बेटा, सगळी मेहनत मातीत." मी कडेवरून अंगठा फिरवला. मोहरीपेक्षाही बारीक दाणे होते, पण अंगठ्याला स्पष्ट लागत होते. चाचांनी ते दिवसभरात घासून काढले. माझ्या अंगठ्यातून मात्र ते जाईनात. मामींना दुपारी झोप लागल्यावर मी गणित पुन्हा मांडलं, यावेळी थर पहिल्या बोटभर अंतरातच विस्कटला असं धरून.

परेड संपणार, विमान थोडं जड चालणार, एवढंच होईल असं मला वाटलं होतं. पण त्या आकाराच्या पंखाचं तसं नव्हतं. थर पुढंच विस्कटला की मागं जाईपर्यंत तो जाड आणि दमलेला होतो, आणि उतरताना नाक वर केलं की पंखाला सोडूनच देतो. थरानं पंख सोडला की पंख विमान उचलत नाही. स्वच्छ पंखानं पासष्टला सुखानं उतरणारं विमान घाणेरड्या पंखानं पंच्याहत्तरच्या वर वेग असतानाच पडत होतं. मी तीनदा केलं. तिसऱ्यांदा मामी जाग्या होऊन माझ्याकडं बघत होत्या.

संध्याकाळी मी मामांना कागद दाखवले. त्यांनी ते उभ्या उभ्याच वाचले.

"मी उडायच्या आधी पंख पुसून घीन."

"उडताना चिलटं बसतील की. धावपट्टीच्या चहूबाजूंनी ऊस हाय. वर गेल्यावर बसली तर उतरताना कोण पुसणार? आन पावसाची भुरभुर आली तर?"

"पावसात मी उडणार न्हाई."

"मामा, तुमी त्यांला पासष्ट सांगितलंय. त्यांचा कोण शिकाऊ पोरगा पासष्टनं उतराय गेला तर..."

"राजे," त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिले, "म्हैन्यापूर्वी तुझ्याच सहीनं साठ टक्के आलं. आज तुझंच गणित तुझ्या गणिताला खोटं पाडतंय. आता कुठल्या राजमतीचं खरं मानू मी?"

मी म्हणायला हवं होतं की दोन्ही खरी आहेत, मधलं वाक्य तुम्ही काढायला लावलंत. पण ते काढलं होतं मीच. त्यांनी माझा हात धरून काढलं नव्हतं. मला त्या क्षणी कळलं की मी पुरती अडकले आहे. बोलले तर मामांचं वीस वर्षांचं स्वप्न माझ्या हातून मोडणार, ज्यांनी मला शिकवलं त्यांनाच मी तोंडघशी पाडणार. न बोलले तर रविवारी क्लबच्या माणसांसमोर मामा पहिल्यांदा त्यात बसून उडणार. क्लबला परस्पर कळवावं तर फोन मामांच्या खिशात, किल्लीच्या शेजारी. अण्णांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मामाच्या शब्दाबाहेर जाऊ नगंस. त्याच आठवड्यात बंगळूरच्या एका संस्थेचं पत्र आलं होतं, पुढच्या शिक्षणाला माझी निवड झाल्याचं. येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. मामा ते पत्र वाचून म्हणाले होते, "जाशील की. आधी इमान उडू दे." ते पत्र मी मामींच्या उशीखाली ठेवलं होतं, दुसरी जागा नव्हती म्हणून.

बुधवारी सकाळी मामींना भरवताना मला रडू आलं. मामींनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि ‘काय’ अशी मान हलवली. मी सांगितलं. घरातल्या आजारी बाईला हे सांगू नये एवढं मला कळत होतं, पण कुलपाच्या आत दुसरं कुणी नव्हतं. चिलटं, थर, पासष्ट, पंच्याहत्तर, सगळं सांगितलं, आणि ते वाक्यही. मामी चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, शब्द शोधत, थांबत थांबत.

"पड... पडतील?"

"पंख मळला तर पडतील."

त्यांनी ताट सरकवलं. मला वाटलं, पोट भरलं असेल. दुपारीही ताट सरकवलं. संध्याकाळी दिवस मावळायच्या आधी मामा स्वतः घास घेऊन बसले, तर मामींनी डोळे मिटून मान फिरवली आणि हात छातीशी नेला. उपवासाचा नेम घेताना त्या असाच हात न्यायच्या. मामांनी माझ्याकडं पाहिलं.

"हा नेम कसला? कुठली तिथी हाय आज?"

मी ताट झाकून ठेवलं.

गुरुवारी मामी फक्त गाळलेलं पाणी प्यायल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की औषधाच्या गोळ्या उपाशी पोटी घ्यायच्या नाहीत, म्हणून गोळ्याही राहिल्या. मामा शेड आणि खोली यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होते. एकदा माझ्या अंगावर आले, "तू शिकवलंस तिला." मी म्हणाले, "मी सांगितलं. शिकवलं न्हाई." त्यांच्या रागापुढं मी दिलेलं ते पहिलं उत्तर होतं. मामांनी हात उगारला नाही, ते तसे नव्हतेच. ते नुसते स्टुलावर बसले आणि आपल्या बोटांवरचा वाळलेला रेझिन खरवडत राहिले. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी मामींच्या नाडीची भीती वाटत होती. त्या दोन दिवसांत मी कुणाच्या बाजूची होते, ते आजही धड सांगता येत नाही. मामींना काही झालं असतं तर तेही माझ्याच तोंडामुळं झालं असतं.

शुक्रवारी सकाळी मामा मामींच्या खाटेशी खाली बसले. "बोल. काय पायजे तुला? इमान मोडून टाकू?"

मामींनी मान हलवली. नाही. मग बराच वेळ ओठ जुळवत राहिल्या. "आधी... मळका... पंख. जिमिनीला... धरून."

मामांना कळायला क्षणभर लागला. मला आधी कळलं, कारण बुधवारी मीच मामींना सांगितलं होतं की हे तपासायचं झालं तर पंख मुद्दाम मळवून, जमिनीलगत, नुसतं चाक उचलेपर्यंत पळवून बघावं लागेल. मामा माझ्याकडं वळले. "कशानं मळवणार?"

"रव्यानं," मी म्हणाले.

शनिवारी फलटणच्या वाटेवरच्या एका माळावर आम्ही उजाडता पोचलो. एका ओळखीच्या बागायतदारानं दिलेली जमीन, मामांनी रोलर फिरवून तिची धावपट्टी केली होती. मामींजवळ रशीदचाचांच्या बायकोला बसवलं होतं. कितीतरी दिवसांनी मी फाटकाबाहेर आले होते, आणि बाहेर बघायचं सोडून पंखाच्या कडेला पातळ गोंद लावत होते. चाचा माझ्या मागून चिमटीनं बारीक रवा पेरत आले, रांगोळी घालावी तसा, सारखा. अर्ध्यावर ते हळूच म्हणाले, "रंगाचे वीस हात दिले मी ह्या कडेला, बेटा. काचेसारखी केली होती." मी म्हणाले, "चाचा, माफ करा." ते म्हणाले, "माफी कसली, तू पेर म्हणशील तसं पेरतो. पण हात ऐकत नाही."

मामा बसले, पट्टे आवळले. त्याआधी स्वच्छ पंखानं त्यांनी दोनदा अशीच धाव घेतली होती आणि सत्तरच्या आसपास विमान गुडघाभर उचललं होतं. आता ते सत्तरला आमच्या समोरून गेलं. मामांनी नाक वर केलेलं दिसलं. चाकं जमिनीवरच. पंच्याहत्तरला त्यांनी नाक आणखी वर केलं. विमान पुरुषभर उचललं, आणि मला वाटलं, मी चुकले. पुढच्याच क्षणी डावा पंख, कुणी दोरी कापावी तसा, खाली आला. पंखाचं टोक जमिनीला घासलं, धूळ उडाली, विमान अर्धं गोल फिरून उसाच्या बांधाला चाक अडकून थांबलं.

आम्ही धावलो. मामा आत तसेच बसले होते. हनुवटी फुटून रक्त येत होतं, पण त्यांनी तिकडं हात नेला नव्हता. ते समोर वेगाच्या काट्याकडं बघत होते. तो केव्हाच शून्यावर आला होता.

"सत्त्याहत्तर," ते म्हणाले. "तू किती सांगितलं हुतंस?"

"पंच्याहत्तरच्या वर."

"हं." मग रशीदचाचांकडं बघून, "रशीदभाई, किती उंचावर हुतो मी?"

"माणसाएवढं, भूपालशेठ."

"उद्या झाडाएवढ्यावर असतो."

चाचांनी आपल्या रुमालानं त्यांची हनुवटी दाबून धरली. परतताना टेम्पोत मामा माझ्या शेजारी बसले होते. मी वाट बघत होते. काय ऐकायचं होतं मला? ‘तू बरोबर होतीस’ एवढंच असावं. घरी आल्यावर ते तडक मामींच्या खाटेशी गेले, मुगाचं पातळ पाणी चमच्यात घेतलं आणि म्हणाले, "पडलो गं. पुरुषभर उंचीवरनं." मामींनी त्यांच्या हनुवटीकडं पाहिलं, आणि तोंड उघडलं. चमचा आत गेला तेव्हा त्यांच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून निम्मं पाणी उशीवर ओघळलं. उशीखालचं माझं पत्र ओलं झालं.

त्या संध्याकाळी मामांनी क्लबला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. कारण खरं सांगितलं, लपवलं नाही. मग अहवाल काढून माझ्यापुढं ठेवला. "ते वाक्य घाल परत. आन खाली मळक्या पंखाचा आकडाबी घाल, मोठ्या अक्षरात." मी लिहू लागले. ते बघत उभे होते. मी मान वर करून म्हणाले, "मामा, सोमवारी बंगळूरला..."

"बंगळूर?" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात नुसती माया होती. "आता तू कुठं जातीस राजे? तुझ्याबिगर मी उडणार न्हाई आता. तू पंख बघितल्याशिवाय मी आत पाय ठिवणार न्हाई."

मी खरी ठरले नसते तर कदाचित सुटले असते. मी "व्हय मामा" म्हणाले. सोमवार आला आणि गेला. कुलपाचा खटका पूर्वीसारखा वाजत राहिला. फरक एवढाच की आता मामांनी करून दिलेली दुसरी किल्ली माझ्याकडं होती, आणि तरी मी कुठं गेले नाही. अण्णांना अभिमान वाटला. गावात सांगायचे, माझ्या पोरीवाचून इमान हलत न्हाई. मला वाटतं, त्या दोन वर्षांत मी जितकी कोंडले गेले तितकी कुलपाच्या दिवसांतही नव्हते. ज्याच्यावर रागवावं असं कुणीच उरलं नव्हतं.

विमान दुरुस्त झालं. पंखाचा आकार आम्ही थोडा बदलला. परेड साठवरून पंचेचाळीसवर आली, पण मळल्यावर थर पंखाला सोडेनासा झाला. ते बऱ्यापैकी उडू लागलं. प्रत्येक उड्डाणाच्या सकाळी मी ओल्या फडक्यानं पुढची कड पुसायची, अंगठा फिरवायची आणि मामांकडं बघून मान हलवायची. मगच ते इंजिन चालू करायचे. मामी काठी धरून चुलीपर्यंत यायला लागल्या. मी पुन्हा अर्ज केला, न सांगता, आणि पत्ता दिला रशीदचाचांच्या घरचा. उत्तर आलं तेव्हा चाचांनी ते घासकागदाच्या घडीत घालून माझ्या हातात ठेवलं.

मी सांगायचं पुढं ढकलत राहिले. घरात धीर होत नव्हता, जेवताना होत नव्हता. शेवटी धावपट्टीवर झालं. मामा आत बसले होते, चारी पट्टे आवळलेले, इंजिन चालू. माझी कड पुसून झाली आणि ते माझ्या मान हलवण्याची वाट बघत होते. मी मान हलवली नाही. पंखाखालून जाऊन त्यांच्या खिडकीशी उभी राहिले आणि ओरडून म्हणाले, "मामा, मी सोमवारी जाणार हाय. बंगळूरला. चाचांला सगळं शिकवलंय पुसायचं." तीच वेळ मी का निवडली हे मला चांगलं माहीत आहे. ते बांधलेले होते आणि मी मोकळी उभी होते. आयुष्यात त्यांच्यासमोर तशी मी कधी उभी राहिले नव्हते.

मामांनी इंजिन बंद केलं. पाती थांबली. उसातून वारा येत होता तेवढाच आवाज.

"कुणाच्या पत्त्यावर आलं पत्र?"

"माझं आलं. पत्ता सांगणार न्हाई."

त्यांनी समोर बघितलं. हनुवटीवरचा जुना व्रण त्या उजेडात पांढरा दिसत होता. मला वाटलं, आता ते पट्टे सोडून खाली उतरतील, आणि उतरले तर मी जाणार नाही, हेही मला माहीत होतं.

"कड पुसलीस का आजची?" त्यांनी विचारलं.

"पुसली."

"मग जा बाजूला. धूळ उडंल."

त्यांनी इंजिन पुन्हा चालू केलं. मी बांधावर सरकले. विमान माझ्या समोरून गेलं, उचललं, उसावरून वळलं आणि लहान होत गेलं. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा कितीतरी वेळ वर राहिले. रशीदचाचा दोनदा म्हणाले, चल बेटा, सावलीत बस. मी ओलं फडकं हातात धरून उन्हात उभी होते, ते वाळून कडक झालं, आणि मामा खाली उतरून चाकं थांबेपर्यंत मी जागची हलले नाही. मग फडकं चाचांच्या हातात दिलं आणि टेम्पोची वाट न बघता रस्त्याच्या दिशेनं चालू लागले.